वेशीतला मारुती आणि स्टेशनातली मांजर

जपानच्या वाकायामा प्रांतात किशी नावाचं छोटंसं रेल्वे स्टेशन आहे. प्रवासी घटले, लाइन बंद पडायची वेळ आली, तेव्हा २००७ साली कंपनीने तिथल्या तामा नावाच्या मांजरीला चक्क स्टेशनमास्तर केलं. टोपी दिली, बिल्ला दिला, पगार म्हणून खाणं दिलं. तिला बघायला इतकी माणसं लोटली की लाइन वाचली. २०१५ साली तामा वारली. शिंतो पद्धतीने तिचे अंत्यसंस्कार झाले आणि स्टेशनातच तिचं देऊळ उभं राहिलं. आता ती देवी आहे.

हसू आलं? येऊ द्या. फक्त पोळ्याला बैलाला पुरणपोळी भरवणाऱ्याने, नागपंचमीला वारुळ पुजणाऱ्याने आणि खंडेनवमीला जेसीबीला झेंडूचा हार घालणाऱ्याने जरा जपून हसावं. कन्नड तालुक्यातल्या पिशोरचा माणूस उद्या किशीच्या स्टेशनात उतरला, तर त्याला भाषा कळणार नाही, जेवण जाणार नाही, पण देऊळ मात्र लगेच कळेल. चप्पल कुठे काढायची एवढंच काय ते विचारावं लागेल. (काढायची नसते. अंगणात चालते.)

शिंतो हा जपानचा मातीतला धर्म. संस्थापक नाही, एकच एक पवित्र ग्रंथ नाही, पण देवळं ऐंशी हजारांच्या आसपास. अगदी आपल्या गावदेवांसारखा कारभार. वेशीत मारुती, बांधावर म्हसोबा, विहिरीवर आसरा, पिंपळावर मुंजा. यातल्या कुणाचीही पोथी वाचून कुणी पूजा सुरू केलेली नाही. देव म्हणजे गावचाच एक रहिवासी. त्याला पत्ता आहे, आवडनिवड आहे, राग आहे आणि सुट्टीसुद्धा आहे.

आणि हो, वाकायामाशी आपली ओळख अगदीच नवी नाही. २०१३ साली महाराष्ट्राने या प्रांताशी सहकार्याचा करार केला. त्याआधीच अजिंठा-वेरूळच्या पर्यटन विकासाला जपानी कर्ज मिळालं होतं. तेव्हा सोयरीक जुनी आहे, फक्त देव-देवांची ओळख करून द्यायची राहिली होती.

तोंड कशाला हवं?

बांधावरच्या म्हसोबाला नाक-डोळे नसतात. एक गोटा, त्यावर शेंदूर, वर लिंबू. असा जो बिनचेहऱ्याचा देव असतो त्याला तांदळा म्हणतात. शहरातल्या पाहुण्याला वाटतं, मूर्ती घडवायला पैसे नव्हते म्हणून दगड ठेवला. तसं नसतं. दगड सापडला म्हणून देव ठरला, हा क्रम आहे.

शिंतो देवळात तर गाभाऱ्यात काय आहे हे भक्ताला बहुधा दिसतच नाही. आरसा असेल, तलवार असेल, दगड असेल. कापडात गुंडाळून आत ठेवलेला. नाराजवळच्या ओमिवा देवळाने आणखी पुढची पायरी गाठली. तिथे गाभाराच नाही. मागे उभा असलेला मिवा डोंगर हाच देव. लोक डोंगराकडे तोंड करून हात जोडतात. आपल्याकडे डोंगरावर देवी असते, तिकडे डोंगरच देव.

शेंदराच्या थरांची तर वेगळीच गंमत. आपला सातमाळा डोंगर कन्नडपासून पश्चिमेला नाशिक जिल्ह्यात सप्तशृंगगडापर्यंत जातो. त्या गडावरच्या देवीच्या अंगावर पिढ्यान्‌पिढ्या चढलेला शेंदूर २०२२ साली शास्त्रीय पद्धतीने काढला, तेव्हा निघालेल्या शेंदराचं वजन हजार किलोच्या वर भरलं आणि आतली मूळ मूर्ती वेगळीच दिसली. नवस फेडताना आपण देवाला शेंदूर लावत नसतो, हळूहळू झाकत असतो.

झोपलेला, बुडालेला

खुलताबादचा भद्रा मारुती जगावेगळा. बाकीचे मारुती उभे, उडणारे, हात जोडलेले. हा उताणा पहुडलेला. कथा अशी की राजा भद्रसेनाचं भजन ऐकताना मारुतीची समाधी लागली आणि तो तिथेच आडवा झाला. कीर्तन ऐकता ऐकता आडव्या झालेल्या श्रोत्यांनी हा दाखला जरूर वापरावा. हनुमान जयंतीला आणि श्रावणातल्या शनिवारी संभाजीनगरहून हजारो माणसं रात्रभर चालत इथे येतात. शहरापासून पंचवीसेक किलोमीटर. घाट चढताना कुणी चहा देतं, कुणी केळी, कुणी पाय चेपायला तेल.

असा पहुडलेला मारुती देशात मोजक्याच ठिकाणी आहे. प्रयागराजचा संगमावरचा एक प्रसिद्ध. पावसाळ्यात गंगेचं पाणी त्याच्या अंगावरून जातं आणि लोक म्हणतात, गंगा मारुतीला आंघोळ घालून गेली.

आत शिरण्याआधी

जपानी देवळाच्या वाटेवर दोन खांब आणि वर दोन आडवे वासे अशी कमान असते, तोरी म्हणतात तिला. दाराला फळ्या नाहीत, कुलूप नाही. इथून पुढे देवाची हद्द, एवढंच सांगायचं असतं. क्योतोच्या फुशिमी इनारी देवळाच्या डोंगरवाटेवर अशा दहा हजारांच्या आसपास शेंदरी कमानी दाटीवाटीने उभ्या आहेत. जवळपास सगळ्या व्यापाऱ्यांनी आणि कंपन्यांनी दिलेल्या, मागच्या बाजूला दात्याचं नाव आणि तारीख. आपल्याकडे पंख्याच्या पात्यावर नाव घालतात, तसंच.

पोळ्याच्या दिवशी आपल्या गावात वेशीवर आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात. त्याखालून पहिला कोणाचा बैल जाणार यावरून पूर्वी डोकी फुटायची. मानाचा बैल पुढे, मग बाकीच्या जोड्या, मग सगळे मारुतीला. नवरदेवाचंही तेच. परण्या निघाला की घोडा आधी मारुतीच्या पारावर थांबतो. ज्याने आयुष्यभर लग्न केलं नाही त्याच्याकडे लग्नाआधी जायचं, हा मराठी माणसाचा विनोद की सावधगिरी, कोण जाणे.

तोरीतून जाताना मात्र मधोमध चालायचं नाही. मधली वाट देवाची, माणसाने कडेने जावं. मग दगडी टाक्याशी थांबायचं. पळीने आधी डावा हात धुवायचा, मग उजवा, मग डाव्या तळहातावरच्या पाण्याने चूळ. शेवटी पळी उभी धरून तिचा दांडाही धुवायचा, पुढच्या माणसासाठी. मला या सगळ्यात तो दांडा फार आवडतो. आपल्या देवळाबाहेरच्या नळाला साखळीने बांधलेला पेला पाहिला की तो दांडा हमखास आठवतो.

पुढे दोरी ओढून घुंगरासारखी मोठी घंटा वाजवायची, पेटीत नाणं टाकायचं, दोनदा कमरेत वाकायचं, दोन टाळ्या वाजवायच्या, पुन्हा एकदा वाकायचं. इझुमोच्या देवळात टाळ्या चार. का चार, यावर तिथले पंडित अजून भांडतात.

वेरूळच्या घृष्णेश्वराला नियम वेगळा. पुरुषाला गाभाऱ्यात जायचं तर सदरा-बनियन काढून उघड्या अंगाने. डिसेंबरच्या पहाटे रांगेत उभं राहून पाहा, भक्तीची पातळी तिथे थेट अंगावरच्या काट्यांनी मोजता येते. हे देऊळ शिवरायांचे आजोबा मालोजीराजे भोसले यांनी सोळाव्या शतकात सावरलं आणि अठराव्या शतकात होळकरांनी नव्याने बांधलं.

राग आला तर

पाऊस लांबला की गावकरी काय करतात? आधी धोंडी काढतात, मग हरिनाम सप्ताह बसवतात आणि तरीही ढग हलले नाहीत तर महादेवाच्या गाभाऱ्याचं दार लिंपून आत पाणी भरतात. पिंड बुडेपर्यंत. ‘देव पाण्यात घालून बसणे’ आपण बोलताना सहज म्हणतो. मराठवाड्याच्या दुष्काळात माणसांनी ते शब्दशः केलं आहे. कल्पना साधी आहे: आम्हाला पाण्याची आठवण काढायला लावतोस ना, घे मग, तूही जरा गुदमरून बघ.

जपानी सम्राट यापेक्षा सभ्य होते. क्योतोजवळच्या किफुने देवळात पाण्याचा देव आहे. पाऊस हवा असेल तर सम्राट तिथे काळा घोडा पाठवायचा, उघडीप हवी असेल तर पांढरा. ढग काळा, घोडा काळा. ऊन पांढरं, घोडा पांढरा. पण दर वेळी जिवंत घोडा सम्राटालाही परवडेना. मग फळीवर घोडा रंगवून पाठवायला सुरुवात झाली. त्याच फळ्या लहान होत होत आज जपानभर देवळांत टांगलेल्या दिसतात. त्यावर घोडा असतोच असं नाही. मागे मजकूर असतो: परीक्षेत पास होऊ दे, मूल होऊ दे, नोकरी लागू दे. आपल्याकडे सटवाईच्या देवळात नवसाचे लाकडी पाळणे टांगतात, त्यांच्यावर लिहावं लागत नाही. पाळणा पाहिला की देवी समजून घेते.

राग शांत करण्यातूनही देव तयार होतात. सुगावारा नो मिचिझाने हा जपानी दरबारातला मोठा विद्वान. कारस्थान करून त्याला हद्दपार केलं, ९०३ साली तो परमुलखात मेला. मग राजधानीत विजा पडल्या, रोगराई आली, विरोधक एकेक करून गेले. दरबार घाबरला आणि त्याचं देऊळ बांधलं. आज तो विद्येचा देव आहे आणि प्रवेश परीक्षेच्या मोसमात त्याच्या देवळांत पाय ठेवायला जागा नसते. पिंपळावरच्या मुंजाची गोष्ट यापेक्षा फार वेगळी नाही; फक्त मुंजाकडे कुणी दहावीचं हॉल तिकीट नेत नाही. ते काम मारुतीकडे.

उद्या काय होणार?

बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळची घटमांडणी बातम्यांमुळे सगळ्यांना ठाऊक आहे. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी शेतात गोल आखून अठरा धान्यं मांडायची, मध्ये खड्ड्यात घट, त्याखाली पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, वर पापड, करंजी, पानसुपारी. रात्रभर तिकडे कुणी फिरकायचं नाही. पहाटे दाणे किती सरकले, ढेकळं किती भिजली यावरून पीकपाणी सांगायचं. पानसुपारी म्हणजे राजा, म्हणजे देशाची सत्ता. ती हलली की नाही हे विचारायला पत्रकार सूर्योदयाआधी हजर.

आता जपानच्या सुवा देवळात चला. १४ जानेवारीच्या रात्री मोठ्या भांड्यात तांदूळ आणि लाल चवळीसारख्या दाण्यांची पेज शिजत ठेवतात. तिच्यात बोरूच्या चाळीसहून अधिक पोकळ नळ्या सोडतात. पहाटे नळ्या चिरून आत किती पेज शिरली ते बघतात. प्रत्येक नळी एकेका पिकाची, आणि एक नळी ‘जगाचं यंदा कसं’ यासाठी. भेंडवळच्या पानसुपारीची ही सख्खी बहीण! दोन्हीकडे अंदाज चुकतात, दोन्हीकडे पुढच्या वर्षी गर्दी तेवढीच. हवामान खात्याचाही अनुभव काही वेगळा नाही म्हणा.

चिठ्ठीवरचं भविष्य हा तिकडचा रोजचा खेळ. नाणं टाका, डबी हलवा, काडी निघेल त्या आकड्याची चिठ्ठी घ्या. भविष्य वाईट निघालं तर चिठ्ठी घरी न्यायची नाही, देवळातल्या तारेला किंवा झाडाला बांधून मोकळं व्हायचं. किफुनेची चिठ्ठी तर कोरीच मिळते. झऱ्याच्या पाण्यावर ठेवली की अक्षरं उमटतात. कोकणात देवाच्या अंगावर पाकळ्या किंवा तांदूळ लावून उजवा-डावा कौल घेतात. आपल्या भागात मात्र भविष्य वाचायची सोयच नाही. बाळाच्या पाचवी-सहावीच्या रात्री सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते. कागद-लेखणी आपण ठेवायची, मजकूर तिचा. आणि झाडाला बांधून पळ काढायची सवलत नाही.

पितळखोऱ्याचा बुटका आणि त्याचा धनी

कन्नडच्या डोंगरात, गौताळा अभयारण्याच्या कुशीत पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात सुरू झालेली. तिथे मलबा उपसताना एक यक्ष सापडला. ढेरपोट्या, बुटका, डोक्यावर परडी आणि तोंडभर हसू. हातावर लेख कोरलेला: कण्हदास नावाच्या सोनाराने हा केला. दोन हजार वर्षांपूर्वीचा कारागीर सहसा नाव सांगत नाही. या सोनाराने सांगितलं, तेही देवाच्या हातावर. सोनाराचं काम, शिक्का मारल्याशिवाय माल सोडायचा नाही.

यक्ष हे त्या काळचे गावदेवच. झाडाखाली, वेशीत, पाणवठ्यावर बसणारे, धन-धान्य राखणारे. त्यांचा राजा कुबेर, म्हणजेच वैश्रवण. हा वैश्रवण बौद्ध भिक्षूंच्या बरोबर मध्य आशियातून, चीनमधून फिरत जपानला पोचला आणि तिथे चिलखत घालून बिशामोन झाला. जपानच्या सात भाग्यदेवांत तो बसला आहे. त्याच सातांमध्ये आणखी दोघे आपलेच. सरस्वती तिकडे बेन्झाइतेन झाली. हातात वीणेच्या जागी बिवा, आणि देऊळ बहुधा बेटावर किंवा पाण्याकाठी. कामाकुराला तिच्या एका गुहेतल्या झऱ्यात लोक परडीत घालून नोटा धुतात, म्हणजे त्या दुप्पट-तिप्पट होऊन परत येतात म्हणे. विद्येच्या देवीकडे पैसा मागणं आपल्याला अवघड जातं. जपान्यांनी थेट धुलाई केंद्रच काढलं.

तिसरा महाकाल. वेरूळच्या लेण्यांत अंधकासुराला त्रिशुळावर उचलणारा उग्र शिव पाहिला असेल, तर त्याचा जपानी अवतार ओळखूच येणार नाही. दाइकोकु म्हणजे तांदळाच्या पोत्यांवर उभा राहून हसणारा, पाठीवर थैली, हातात मोगरी असलेला लठ्ठ गृहस्थ. त्याची पोती कुरतडणारा उंदीर त्याचाच दूत. आपल्या हिशेबाने उंदीर मुलाचा, तिकडे बापाने वापरायला घेतला. मुलाचंही बरं चाललं आहे. तोक्योच्या आसाकुसा भागातल्या एका बौद्ध देवळात गणपती आहे, पण मूर्ती कुणाला दाखवत नाहीत. नैवेद्यात मान मुळ्याचा. ७ जानेवारीला उकडलेला मुळा प्रसाद म्हणून वाटतात. आपल्याकडे हा प्रसाद ठेवला तर आरतीला दुसऱ्या दिवशी कोण येतं ते बघू.

(१८६८ नंतर मेइजी सरकारने शिंतो आणि बौद्ध देवस्थानं कायद्याने वेगळी केली. त्याआधी हजारेक वर्षं दोन्ही देव एकाच आवारात सुखाने नांदत होते. सामान्य जपानी माणूस अजूनही जन्माला शिंतो देवळात जातो आणि मरणाला बौद्ध भिक्षू बोलावतो.)

देव सुट्टीवर

आषाढी एकादशीला आपले देव झोपतात, कार्तिकीला उठतात. चार महिने सलग. जपानी देव कमी आळशी. जुन्या पंचांगातल्या दहाव्या महिन्यात ते गावोगावची देवळं सोडून इझुमोला बैठकीला जातात. विषयपत्रिकेवर मुख्य काम, पुढच्या वर्षी कुणाचं लग्न कुणाशी लावायचं. बाकी देशात तो महिना ‘बिनदेवांचा’, एकट्या इझुमोत ‘देवांचा’. लग्नाळू मुलांच्या आयांनी पत्ता टिपून ठेवावा.

जत्रेतली शेवटची कुस्ती

जत्रा म्हटलं की आधी नारळावरच्या पोरांच्या कुस्त्या, मग शे-दोनशेच्या, आणि दिवे लागता लागता शेवटची मोठी. तोवर रेवड्या, गोडीशेव, जिलेबी. तालमीत मारुतीचा फोटो, मातीत हळद, ताक, तेल. सुमो हीही मुळात देवळातलीच कुस्ती. आजही आखाड्यावर शिंतो देवळासारखं छप्पर टांगलेलं असतं, आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी आखाड्याच्या मधोमध खड्ड्यात तांदूळ, मीठ, समुद्रशेवाळ, सुकी माकुळ पुरतात. सुमोचे पैलवान आखाड्यात मूठभर मीठ उधळतात, आपले पैलवान माती अंगाला लावतात.

पालखीसारखाच तिकडे देवाचा मिकोशी खांद्यावर निघतो. फरक एवढाच की आपण पालखी जपून नेतो, ते मुद्दाम गदागदा हलवतात. देवाला तेच आवडतं म्हणतात. आणि बारागाड्या? एका भगताने एकमेकींना जोडलेल्या बारा बैलगाड्या ओढण्याचा हा खान्देशाकडचा प्रकार. जोडीला गाड्यांत बसलेली पोरं.

जत्रा गर्दीची, पण हरिनाम सप्ताहाबद्दल एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. सात दिवस, सात रात्री वीणा खाली ठेवत नाहीत. पहारे लावलेले असतात. रात्री दोनचा पहारा असलेला माणूस दीडला झोपेतून उठून, तोंड धुऊन, वीणा गळ्यात घालून उभा राहतो. समोर ऐकायला कुणी नसतं. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन आणि महाप्रसादाची पंगत, तेव्हा मात्र अख्खं गाव.

जीर्णोद्धार

इसेचं देऊळ हे शिंतोचं सर्वांत पूज्य स्थान. इतकं जुनं की पहिली पुनर्बांधणी ६९० साली झाली, आणि तरीही लाकूड कायम नवं. दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर तेच देऊळ, त्याच मापाने, त्याच लाकडात पुन्हा बांधतात. मग देव रात्रीच्या अंधारात नव्या घरी जातो आणि जुन्याचे खांब दुसऱ्या देवळांच्या, कमानींच्या कामी येतात. २०१३ साली बासष्टावी वेळ झाली, पुढची २०३३. वीस वर्षंच का? एक कारण सांगतात, तेवढ्यात बापाला पोराच्या हाती रंधा देता येतो.

आपल्याकडेही जीर्णोद्धार होतो, वर्गणीही मनापासून निघते. पण दगडी देवळाला बाथरूमची फरशी, स्टीलचं ग्रिल, तैलरंगाचे वाघ-सिंह, आणि जयपूरहून संगमरवरी मूर्ती. जुना तांदळा? ‘मागे ठेवलाय.’ शे-दोनशे वर्षांचा गावकरी मागच्या भिंतीला टेकून उभा, आणि समोर परवा आलेला पाहुणा. इसेला माप जपतात, आपण फक्त नाव जपतो, आणि यात आपलं चुकतंच.

तेव्हा पिशोर असो की आणखी कुठलं गाव, देवळाच्या पुढच्या बैठकीला जाल तेव्हा फरशीचा भाव नंतर विचारा. आधी विचारा, तांदळा कुठे बसणार. आणि गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला बोलावून घ्या. हा दगड कुणाला कुठे सापडला ते तिलाच माहीत असतं, आणि अजून कुणी लिहून घेतलेलं नाही.